काचपट्टीवर दिसलेलं शरीर

१८९७ सालचा ऑगस्ट. सिकंदराबादजवळच्या बेगमपेठेत एका लहानशा खोलीत चाळिशीचा एक लष्करी डॉक्टर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसला होता. उकाडा असह्य, पण पंखा हलवायची सोय नव्हती, कारण पंख्याच्या वाऱ्यानं समोरचे चिरलेले डास उडून गेले असते. कपाळावरून आणि हातांवरून गळणाऱ्या घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि डोळ्याशी लावायच्या भिंगाला तडा गेला होता. या डॉक्टरचं नाव रोनाल्ड रॉस. हिवताप डासामुळे होतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं आणि दोन वर्षांत शेकडो डास चिरूनही हाती काही लागलं नव्हतं.

१६ ऑगस्टला त्यानं हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवलं आणि आत ठिपकेदार पंखांचे डास सोडले. दर डासामागे एक आणा ठरला होता. दहा डास रक्त प्यायले, हुसेन खानला दहा आणे मिळाले. पुढच्या चार दिवसांत काही डास मेले, काही चिरून पाहिले, त्यात काही सापडलं नाही. २० तारखेला दुपारी उरलेल्यांपैकी एक डास चिरला. जठराचा पडदा काचपट्टीवर पसरून रॉस एकेक पेशी तपासत निघाला आणि एका जागी थांबला. तिथं एक स्पष्ट, गोल आकृती होती, सुमारे १२ मायक्रॉन रुंदीची. एका मिलिमीटरमध्ये अशा ऐंशीहून जास्त ओळीनं मावतील एवढी. जठराची पेशी म्हणावी तर ती फार लहान होती आणि तिची कड फार रेखीव होती. आत काळ्या कणांचा पुंजका होता, आणि तसेच काळे कण हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात दिसतात हे रॉसला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला, तर त्यात तशाच पेशी होत्या, पण आदल्या दिवशीपेक्षा मोठ्या. म्हणजे त्या वाढत होत्या. डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी वाढतो, हे माणसानं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते या दोन दिवसांत. रॉसला १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं आणि २० ऑगस्ट हा दिवस आज जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो.

ही हकिगत मुद्दाम जळकोटच्या वाचकांसमोर ठेवतो आहे. आज लातूर जिल्ह्यात असलेला हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि बेगमपेठ त्याच संस्थानात. उदगीरहून रेल्वेनं हैदराबादला जाणारी आपली माणसं आजही त्या परिसरातूनच जातात. आपल्या अकरावीच्या पुस्तकात मात्र पेशीचा धडा हूक, लेवेनहोक, श्लायडेन, श्वान अशा नावांनी सुरू होतो, आणि हे सगळं फार दूर, फार थंड देशांत घडलं असं मुलांच्या मनात पक्कं बसतं. पुष्कळसं तिकडे घडलं हे खरंच. पण पेशीच्या शोधाची वाट आपल्या अंगणातूनही गेली आहे.

रॉसला त्या दुपारी जे कळलं, ते कळण्यासाठी आधी एक गोष्ट माहीत असावी लागते. जठर पेशींचं बनलेलं असतं, त्या पेशी अमुक आकाराच्या असतात, म्हणून ही एक पेशी इथली नव्हे, परकी आहे. एवढं एक वाक्य मनात तयार असायला, हूकनं १६६५ मध्ये पहिली पेशी दाखवल्यापासून, माणसाला २३२ वर्षं लागली.

त्याआधी शरीराबद्दल लोकांना काहीच कळत नव्हतं असं मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत प्रेत अभ्यासण्याची रीत सांगितली आहे. प्रेत गवतात, सालीत गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचं. सात रात्रींनंतर ते चांगलं कुजलं की वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंचल्यानं हळूहळू घासून त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. शस्त्र न लावता शरीर उलगडण्याची ही युक्ती मला फार मोलाची वाटते. शल्यविद्या शिकणाऱ्यानं ग्रंथही वाचावा आणि प्रत्यक्षही पाहावं, दोन्ही मिळूनच ज्ञान वाढतं, असं त्या परंपरेचं सांगणं होतं. सुश्रुतानं हाडं ३०० मोजली, चरकानं दात आणि नखं धरून ३६०. आज प्रौढ माणसाची हाडं २०६ मानतात, पण कूर्चा आणि दात हाडांत धरले की आकडा फुगणारच. पुढे घात झाला तो वेगळ्याच कारणानं. प्रेताला हात लावणं विटाळाचं ठरलं, पाहणं मागे पडलं आणि पाठांतर तेवढं उरलं.

युरोपातही तेच झालं होतं. गॅलेन या रोमन काळातल्या वैद्यानं माकडं आणि इतर प्राणी चिरून माणसाबद्दल लिहिलं, आणि तेराशे वर्षं त्याचं लिखाण प्रमाण धरलं गेलं. १५४३ मध्ये व्हेसेलियसनं माणसाची प्रेतं स्वतःच्या हातानं चिरून दाखवलं, की माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एका हाडाचा असतो. गॅलेनच्या मते रक्त यकृतात तयार होऊन शरीरात जिरून जात असे. १६२८ मध्ये विल्यम हार्वेनं हिशेब मांडला, की हृदय तासाभरात जेवढं रक्त पुढे ढकलतं तेवढं यकृतात नव्यानं तयार होणं शक्यच नाही. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. पण धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, हे हार्वेला दाखवता आलं नाही. तो १६५७ मध्ये वारला. चार वर्षांनी इटलीत माल्पिघीनं बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि धमनी व शीर जोडणाऱ्या केसासारख्या नळ्या त्याला दिसल्या. तर्कानं जिथपर्यंत जाता येत होतं तिथपर्यंत हार्वे गेला होता, पुढचं पाऊल भिंगानंच टाकता आलं.

रॉबर्ट हूकचं नाव प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, पण त्यानं काम केलं कसं हे फारसं कुणी सांगत नाही. बाटलीला लावतात त्या बुचाचा तुकडा त्यानं घेतला, वस्तऱ्यासारख्या धारदार चाकूनं त्याचा अतिशय पातळ काप काढला. काप पांढरट, म्हणून तो काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगातून त्यावर प्रकाश पाडला. मग दिसल्या त्या बारीक चौकटी. हूक तेवढ्यावर थांबला नाही, त्यानं त्या मोजल्या. एका इंचाच्या रेषेत १०८० चौकटी, म्हणजे एका घन इंचात सव्वाशे कोटींहून अधिक. आकडा त्याला स्वतःलाच खरा वाटेना. १६६५ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. हूकनं पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती, आतलं बिऱ्हाड केव्हाच निघून गेलेलं. जिवंत जीव पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहोक या कापड व्यापाऱ्यानं. त्याचं विद्यापीठाचं शिक्षण नव्हतं, लॅटिन त्याला येत नव्हतं. स्वतः घासलेल्या वाटाण्याहून लहान भिंगांतून त्यानं तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्मजीव, रक्तातल्या तांबड्या पेशी, स्वतःच्या दातांवरच्या किटणातले जिवाणू पाहिले आणि पत्रांतून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले.

नंतरची दीडशे वर्षं गाडी जवळपास थांबलेली दिसते, आणि कारण अगदी साधं आहे. जुन्या भिंगांतून पाहिलं की वस्तूभोवती रंगांच्या झालरी दिसत, खरं काय आणि भास काय हे ठरवता येईना. १८३० मध्ये लंडनच्या जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्यविक्रेत्यानं हा दोष कमी कसा करायचा ते दाखवलं. (शस्त्रक्रियेत निर्जंतुकीकरण आणणारा लिस्टर त्याचा मुलगा.) पुढच्याच वर्षी रॉबर्ट ब्राऊननं आमरीच्या पेशींमधलं केंद्रक नोंदवलं. १८३८ मध्ये श्लायडेननं सगळ्या वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत असं मांडलं, १८३९ मध्ये श्वाननं प्राण्यांबाबत तेच म्हटलं. दोघांनाही वाटत होतं, की नव्या पेशी आतल्या द्रवातून स्फटिकासारख्या गोठून तयार होतात. ते चूक होतं. पेशी आधीच्या पेशीचे दोन भाग होऊनच जन्मते, हे रॉबर्ट रेमाकनं कोंबडीच्या आणि बेडकाच्या गर्भांत पाहून १८५२ मध्ये सांगितलं. रेमाक ज्यू होता, धर्म बदलायला त्यानं नकार दिला, म्हणून प्रशियात त्याला प्राध्यापकाची पूर्ण जागा कधी मिळाली नाही. तीच गोष्ट रुडॉल्फ विरखोवनं १८५५ मध्ये एका ठसठशीत लॅटिन वाक्यात मांडली आणि जगानं ती विरखोवच्या नावावर टाकली. आपल्या पाठ्यपुस्तकांत रेमाकचं नाव यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

विरखोवचं स्वतःचं मोठं काम त्यापुढचं. १८५८ मध्ये त्याची व्याख्यानं पुस्तकरूपानं आली, त्यात त्यानं सांगितलं की रोग हा कफ, पित्त, रक्त यांच्या घोटाळ्यात शोधायचा नाही, तो पेशीत शोधायचा. आजारी पडते ती पेशी.

त्याच १८५८ साली लंडनमध्ये ‘ग्रेज ॲनाटॉमी’ हा शरीररचनेचा ग्रंथ निघाला. हे नाव ऐकलं नाही असा डॉक्टर मिळणार नाही. मजकूर हेन्री ग्रे यांचा, पण ज्या साडेतीनशेहून अधिक चित्रांमुळे तो ग्रंथ अजरामर झाला, ती हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुणानं काढली होती. ग्रे यांना प्रत्येक हजार प्रतींमागे मानधन मिळत राहिलं, कार्टरला एकरकमी १५० पौंड. पुस्तक दुकानांत येईपर्यंत कार्टर मुंबईत होता, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शरीररचना शिकवायला.

हे कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं होतं आणि १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग त्या तुकडीतले. उच्चवर्णीय घरांतल्या तरुणांनी प्रेतावर सुरी चालवायची, ही त्या काळात किती मोठी उडी होती याची कल्पना आज करणं कठीण आहे. कलकत्त्यात १८३६ मध्ये मधुसूदन गुप्तांनी पहिलं शवविच्छेदन केलं, तेव्हा त्याचा केवढा गवगवा झाला होता. हैदराबादेत निजामानं १८४६ मध्ये वैद्यकीय शाळा काढली आणि तिथं पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकवलं जाई. मातृभाषेत विज्ञान शिकवता येतं का, असा वाद घालणाऱ्यांनी आपल्याच जुन्या संस्थानातला हा दाखला विसरू नये.

कार्टरनं पुढची तीस वर्षं मुंबई प्रांतातच काढली, काही काळ साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणूनही. लंडनमध्ये त्यानं चिरलेलं शरीर रेखाटलं होतं. इथं तो सूक्ष्मदर्शकाकडे वळला. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला काटा लागून पुढे पाय सुजतो, त्याला भोकं पडतात आणि त्यातून दाण्यांसारखे कण बाहेर येतात. त्या कणांत कार्टरला बुरशी दिसली. या रोगाला त्यानं मायसेटोमा हे नाव दिलं आणि १८७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नंतर दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. १८७७ मध्ये उपाशी माणसं मुंबईकडे लोटली आणि त्यांच्यात पुन्हा पुन्हा उलटणारा ताप पसरला. कार्टरनं त्यांच्या बोटांतलं रक्त काचपट्टीवर घेतलं, तर तांबड्या पेशींमध्ये मळसूत्रासारखे वळवळणारे जंतू. त्या दुष्काळात आपल्याकडची किती माणसं तापानं फणफणून गेली असतील, त्यांच्यापैकी काहींच्या रक्ताचं रहस्य असं उलगडलं. हिवतापाचा परजीवी लाव्हराननं १८८० मध्ये अल्जीरियात पाहिला होता. त्यावर पुष्कळांचा विश्वास बसत नव्हता, तेव्हा १८८७ मध्ये मुंबईतल्या रुग्णांच्या रक्तात तो पाहून दुजोरा देणारा कार्टरच. रॉसच्या बेगमपेठेच्या आधी दहा वर्षं. कार्टर १८९७ मध्येच वारला.

पेशीचं विज्ञान मराठी माणसांच्या हाती पूर्णपणे आलं ते विसाव्या शतकात. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात होते. कर्करोग म्हणजे शरीराची स्वतःचीच पेशी ताळतंत्र सोडून विभागत राहणं. मग ती ताळतंत्र सोडते कशानं? खानोलकरांनी उत्तर प्रयोगशाळेसोबत माणसांच्या रोजच्या सवयींतही शोधलं. १९४५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाईंनी लिहिलेल्या निबंधात तीन प्रकार आहेत: कमरेला धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षं त्वचा घासली जाते तिथला कर्करोग, चुट्टा उलटा, पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांचा टाळ्याचा कर्करोग, आणि चुना-तंबाखू ओठात धरणाऱ्यांचा ओठाचा. तंबाखू मळून दाढेखाली बार धरणारी माणसं मराठवाड्याच्या प्रत्येक पारावर दिसतात. पेशीचा धडा त्यांच्याबद्दलचाही आहे.

खानोलकरांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ चा, वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात एम.एस्सी.साठी कमलताईंनी निवडलं सीताफळाचं कुळ आणि त्यातल्या गुणसूत्रांचा अभ्यास. बालाघाटाच्या डोंगरात दिवाळीच्या सुमारास पाट्या भरभरून येणाऱ्या सीताफळाच्याच कुळातल्या पेशींपासून त्यांची वाट सुरू झाली आणि ती कर्करोगाच्या पेशीपर्यंत गेली. १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या कर्करोगाच्या पेशी, तिला न विचारता, ज्या प्रयोगशाळेत काचपात्रात वाढवल्या गेल्या आणि ज्या आजही जगभर वाढत आहेत, तीच ही प्रयोगशाळा. पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवायची तर तापमान, अन्नद्रव आणि स्वच्छता यांत क्षणाचीही हयगय चालत नाही. एक बुरशीचा कण शिरला की महिन्याचं काम फुकट. हे तंत्र शिकून कमलताई परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. परदेशात राहायची संधी असूनही परतणं, पुढे १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढणं आणि अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या आहाराचा अभ्यास करणं ही त्यांची कामंही प्रयोगशाळेइतकीच मोठी आहेत. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

१९५२ मध्ये मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला. या माणसांच्या तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ए, बी यांची उभारणी ज्यावर होते तो ‘एच’ हा पाया घटकच नसतो. म्हणून त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. जग त्याला आज ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतं.

पेशीचा आकार बदलला तर काय होतं हे पाहायला आपल्याला शेजारच्या नांदेड जिल्ह्यापलीकडे जावं लागत नाही. किनवट, माहूरच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांची तांबडी पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडं ठणकून माणूस कळवळतो. विरखोवचं म्हणणं खरं होतं, आजारी पडते ती पेशी.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा एक जाड ठिपका आणि एक पातळ पसरलेला थर घेतात. ती वाळते, रंगद्रव्यात बुडते आणि लॅब टेक्निशियन तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठ्या भिंगाखाली ती वाचतो. लाव्हरान, कार्टर आणि रॉस यांचं सगळं काम त्या काचपट्टीवर असतं. पुढच्या वेळी गेलात तर त्या माणसाला विचारा, तो बहुधा आनंदानं दाखवेल.

आता मुद्द्याचं. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याच्या शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर केली, याचा मला अभिमान आहे. नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, तेव्हा पेशीचा धडा मुलं तोंडपाठ करणारच. पण १८३१ ब्राऊन, १८३८ श्लायडेन असं घडाघडा म्हणणाऱ्या अनेक मुलांनी एकही पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नसते. शाळेत सूक्ष्मदर्शक नसतो असं नाही. तो कपाटात असतो, किल्ली कुणाकडे तरी असते आणि प्रयोगवहीत आकृती बघून काढलेली असते.

यासाठी अनुदान लागत नाही. कांदा कापा, आतल्या पाकळीच्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्यानं ओढा. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो सुरकुती न पडता पसरवा, वर आयोडिनचा एक थेंब. झाकणकाच आधी एका कडेनं टेकवून मग हळूहळू खाली सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे आत अडकत नाहीत. नाहीतर पोरं बुडबुड्यालाच पेशी समजतात. कडेचं पाणी टिपकागदानं टिपा. लहान भिंगाखाली विटांच्या बांधकामासारख्या लांबट पेशी दिसतील आणि प्रत्येकीत पिवळसर-तपकिरी ठिपका, तो केंद्रक. ब्राऊननं पाहिला तो हाच. दहा मिनिटांचं काम आहे.

जळकोट, उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांतल्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा पेशीचा धडा फळ्यावर सुरू करण्याआधी कपाट उघडा, भिंग पुसा आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला त्या नळीतून एकदा पाहू द्या. नावं आणि सनावळ्या त्यानंतर सांगा.